खालचे दोन सारखे

कुंडलिक हिंगे सर वर्गात नुसते येत नसत, त्यांचा प्रवेश होत असे. आधी व्हरांड्यात खाकरणं ऐकू यायचं. मग दाराच्या चौकटीत क्षणभर थांबणं. मग उजव्या हातातला खडू हवेत उडवून डाव्या हातात झेलणं. खडू झेलला की वर्ग चिडीचूप. खडू पडला, तर हसायची परवानगी असे आणि पहिले सरच हसत. आणे पठारावरच्या त्या पत्र्याच्या शाळेत वारा असा घुसायचा की फळ्यावरची अक्षरं पुसायला फडकं लागत नसे. पण सरांचा आवाज वाऱ्याला पुरून उरायचा. मैदानाच्या टोकाला असलेल्या मुलाला त्यांनी कधी माणूस पाठवून बोलावलं नाही. व्हरांड्यात उभं राहून एक हाक मारली की काम झालं.

सर मूळचे अवसरी बुद्रुकचे. घरची बागायत होती, दोन भाऊ ती बघत. तिसरा हा शिकला आणि मास्तर होऊन पठारावर आला. दोन-तीन वर्षांत खाली बदली मागू, असं बायकोला, म्हणजे प्रयागबाईंना, सांगून आला होता. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली होती. प्रयागबाईंनी टोमणे मारायचंही सोडून दिलं होतं.

गणित म्हणजे पठारावरच्या पोरांचा काळ. इतर विषयांत कशीबशी तरणारी पोरं दहावीला गणितात बुडायची. सरांनी ठरवलं की यांच्या डोक्यात गणित शिरत नसेल, तर डोळ्यांतून शिरवू. म्हणून ज्या दिवशी समद्विभुज त्रिकोण असे, त्या दिवशी शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा खिडकीला येऊन लटकत. सर टेबल बाजूला सारत, फळ्यापुढच्या ओट्यावर मधोमध उभे राहत आणि दोन्ही पाय चांगले ऐसपैस फाकवत.

"बघा रे, हा त्रिकोण! माझे दोन पाय कसे?"

"सारखे!"

"एखादा लांडा हाय का?"

"न्हाई!"

"मग खाली जमिनीपाशी हे जे दोन कोन झाले, ते कसे?"

"सारखे!"

"आणि हा वर, कमरेपाशी?"

"एकटा!"

मग सर त्याच अवस्थेत गणितं घालत. तिन्ही कोन मिळून एकशेऐंशी. वरचा चाळीस दिला, तर उरले एकशे चाळीस, दोन भावांत सारखी वाटणी केली की सत्तर-सत्तर. खालचा एक पन्नास दिला, तर दुसरा विचारायचंच नाही, तोही पन्नास, आणि वरच्याला ऐंशी. पोरं बाकं बडवून ताल धरत, "वरचा एकटा, खालचे दोन सारखे!" हा गजर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जाई आणि तिथली गिऱ्हाइकंही मान डोलवत. गावात मागून त्यांना खालचे-दोन सर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. गाजलेल्या भूमिकेच्या नावानं नटाला ओळखावं, तसं त्यांना त्याचं सुख होतं.

पुस्तकात कधीमधी तिरका त्रिकोण यायचा, कुशीवर झोपल्यासारखा. पोरं त्याच्याकडे बावरून बघत. सर म्हणत, "हा दमलाय बिचारा. याला उठवू या." आणि फळ्यावर तोच त्रिकोण सरळ उभा करून काढत. पोरांचे चेहरे लगेच फुलायचे. या कामात सरांच्या मनात पोरांविषयीच्या मायेखेरीज दुसरं काही नव्हतं. दरवर्षी ते आडव्या त्रिकोणांना उठवत राहिले, आणि एकाही पोराला त्यांनी आडवा त्रिकोण आडवाच सोडवायला लावला नाही. शाळेचा गणिताचा निकाल वीस टक्क्यांवरून साठावर गेला. मग यात काही चुकतंय, असं त्यांना तरी का वाटावं?

शहाण्णव साली दहावीच्या वर्गात रोहिणी नावाची मुलगी होती. राघू मेंढक्याची पोर. राघूचं बिऱ्हाड दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत पठारावर. पोरीला शाळेची गोडी लागली म्हणून तिला वस्तीवर म्हाताऱ्या चुलत आजीपाशी, ठकूबाईपाशी, ठेवलं होतं. वस्तीवरची दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. मराठी चांगलं, इतिहास तोंडपाठ. गणित मात्र तिला दिसायचंच नाही. तरी ती मागे हटायची नाही. न आलेलं गणित वहीत पाच-पाच वेळा उतरवून काढायची.

तिला नर्सबाई व्हायचं होतं. दहावीनंतर तो कोर्स करता येतो, हे तिनं लसीकरणाला आलेल्या बाईंकडून काढून घेतलं होतं. पण घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. पाव्हण्यांनी मुलगी बघून पसंत केली होती. राघू सरांचा मान राखणारा माणूस. त्यानं दिवाळीआधी शाळेत येऊन सरळ सांगितलं, "मास्तर, पोर पास झाली तर शिकंल. मी पावन्यांस्नी न्हाई म्हणून सांगंन, माझी जबान हाय. पर नापास झाली तर मग मला आडवू नका. हिच्या पाठीवर अजून दोन हायेत."

"पास होईल," सर म्हणाले.

"आन् गणितात?"

सरांनी छातीवर हात ठेवला. तसं करायची गरज नव्हती, पण सरांचा स्वभाव. "गणिताचं माझ्यावर सोड. ती गणितात नापास झाली, तर ती नाही, मी नापास झालो समज."

राघूनं हात जोडले आणि तो कोकणात गेला.

मार्चमध्ये परीक्षा आली. केंद्र घाट उतरून खाली, मोठ्या गावातल्या शाळेत होतं. भूमितीच्या पेपराला पठारावरची सव्वीस पोरं टेम्पोतून निघाली, सर ड्रायव्हरशेजारी बसले. घाटात नेहमीप्रमाणे त्यांनी मागे वळून बजावलं, "कुणी चिठ्ठी आणली असेल, तर ती इथंच दरीत टाका. कॉपीचे मार्क मला नकोत." पोरांनी मान हलवली. सरांच्या पोरांची या बाबतीत केंद्रावर ख्याती होती. तपासायला आलेले लोक त्यांच्या खिशांना हातही लावत नसत.

फाटकापाशी राघू उभा होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायांत जाड वहाणा. मेंढरं भावावर सोडून, दोन एस.ट्या बदलून, कोकणातून मुद्दाम आला होता. रोहिणी धावत गेली. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला.

ज्याच्या विषयाचा पेपर, त्या मास्तरनं त्या दिवशी आवारात पाऊल ठेवायचं नाही, असा नियम होता. सर फाटकाबाहेरच्या लिंबाखाली उभे राहिले, शेजारी राघू उकिडवा बसला. घंटा झाली. समोरच्या भिंतीवर नातेवाइकांची जत्रा भरली होती. भाऊ, मामा, मेव्हणे, सगळे चढून बसलेले. एक पोलीस काठी आपटत त्यांना उतरवत होता, आणि तो पुढे गेला की ते परत चढत होते.

अर्ध्या तासात पेपर बाहेर आला. कसा आला ते कुणी विचारत नसे. चांगदेव नावाचा एक जवान पोरगा, डोळ्यांवर गॉगल, बहीण आत परीक्षेला, तो कागद घेऊन थेट सरांपाशी आला.

"सर, तेवढं दहा मिनिटांत सोडवून द्या राव. झेरॉक्सवाला तयार ठेवलाय."

"माझ्याकडून होणार नाही."

"अवो, तुमचीबी पोरं हायेत की आत!"

"म्हणूनच होणार नाही."

"मग निस्ता बघून तरी सांगा, सोपा हाय का अवघड. माझी बहीण रडत गेलीय आत."

बघण्यात काय जातं? सरांनी चष्मा चढवला. पहिल्याच प्रश्नात त्रिकोण होता आणि तो आडवा होता.

डावीकडे खाली निमुळतं टोक, त्यात लिहिलेलं चाळीस. त्या टोकापासून दोन बाजू निघालेल्या, एक जमिनीसरशी सपाट उजवीकडे गेलेली, दुसरी तिरकी वर. दोन्हींवर सारखेपणाची बारीक खूण. म्हणजे हे चाळीसाचं टोक एकटं, आणि सारखे कोन उरलेले दोन, उजवीकडचा खालचा आणि त्याच्या डोक्यावरचा. सत्तर आणि सत्तर. प्रश्न कुणालाही यावा इतका सोपा होता, आणि त्याच उत्तराच्या आधारानं पुढचे दोन उपप्रश्न विचारले होते. मिळून सहा मार्क.

सरांनी प्रश्न पुन्हा वाचला. आत बसलेली सव्वीस पोरं या घडीला काय लिहीत असतील, हे त्यांना शब्दाशब्दानं दिसत होतं. खालचे दोन सारखे. डावा खालचा चाळीस, म्हणून उजवा खालचा चाळीस. वरचा शंभर. पुढचे दोन्ही उपप्रश्नही त्यावर बेतून चूक. पोरं ते आनंदानं, ताल धरून लिहीत असणार. हे त्यांना दुसऱ्या कुणी नाही, सरांनीच दोन पायांवर उभं राहून शिकवलं होतं.

"काय वं मास्तर," खालून राघूनं विचारलं, "सोपा हाय का?"

सरांच्या तोंडून निघालं, "सोपा आहे."

राघूचा चेहरा उजळला. त्यानं कमरेच्या पिशवीतून विड्याचं पान काढून सरांपुढे धरलं.

रोहिणीचा नंबर तळमजल्यावर खिडकीपाशी आला होता. लिंबाखालून तिची लाल रिबिनीची वेणी दिसत होती. चाळीस-पन्नास पावलं अंतर. एवढ्या अंतरावरून सरांनी आयुष्यभर हाका मारल्या होत्या. "कागद फिरवून बघा" एवढे तीन शब्द पुरले असते. सव्वीसच्या सव्वीस पोरांनी तो आवाज ओळखला असता.

त्यांनी श्वास भरून घेतला. छाती फुगली. पोलिसानं वळून बघितलं आणि तो ओळखीचं हसला, "उभं का मास्तर? बसा की. तुमची पोरं हायेत म्हणून त्या ब्लॉकाकडं मी बघतबी न्हाई बघा."

तो श्वास सरांच्या छातीत तसाच राहिला. सकाळीच घाटात आपण काय बोललो, ते त्यांना आठवलं. पोरांच्या खिशांना कुणी हात का लावत नाही, तेही आठवलं. बरं, आज ओरडलं, तर पुढच्या वर्षीच्या पोरांना कुठल्या तोंडानं बजावायचं? आणि नाही ओरडलं, तर राघूला काय सांगायचं? या दोन प्रश्नांमध्ये माणूस किती वेळ उभा राहू शकतो, याचं काही माप नाही. सर तास-दीड तास उभे राहिले. पान हातातच सुकलं. भिंतीवरची मंडळी मोठमोठ्यानं उत्तरं ओरडत होती, तीही चूकच होती. मग शेवटची घंटा झाली.

पोरं उड्या मारत बाहेर आली. एकानं लांबूनच हाळी दिली, "सर, पहिला प्रश्न फुकट! खालचे दोन!" आणि रोहिणी तर धावतच आली, शाईनं बोटं माखलेली. "सर, तुमचाच त्रिकोण आला व्हता! मला सगळ्यात आधी तोच जमला."

पुढचे दोन पेपर बाकी होते. सव्वीस पोरांची उमेद एका वाक्यात मोडणं शक्य होतं. सरांनी ते वाक्य गिळलं. "छान," ते म्हणाले. "आता विज्ञानाचं बघा."

घरी आल्यावर त्यांनी प्रयागबाईंना सगळं सांगितलं. जेवणाच्या ताटावर बोटानं आमटीचा त्रिकोण काढून दाखवला. प्रयागबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, सहा मार्कांनी काय होतंय? बाकीचं लिहिलं असेल की पोरांनी. जेवा आधी."

"काही होणार नाही म्हणतेस?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण तुम्ही असं तोंड करून बसल्यानं मार्क वाढणार आहेत का?"

नव्हतेच वाढणार. एप्रिल गेला, मे गेला. सरांनी दोनदा बोर्डाला पत्र लिहायला घेतलं. पण लिहायचं काय? प्रश्न बरोबर होता. मुलांची उत्तरं चूक होती. मास्तर चुकला म्हणून मुलांना मार्क द्या, असा नियम कुठेच नव्हता. दोन्ही वेळा पत्र मायन्यापुढे गेलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सव्वीसातली अकरा पोरं गणितात गेली. रोहिणीला इतर विषयांत झकास मार्क होते. गणितात, सवलतीचे मार्क धरूनही, दोन कमी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर वस्तीवर गेले. मेंढरं परतली होती, बिऱ्हाड आलं होतं. राघूची बायको गजराबाई दारात बाजरी पाखडत होती. सरांना बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत हाक दिली. राघू आला, त्यानं घोंगडी अंथरली. सर बसले नाहीत. वाटेत त्यांनी जे बोलायचं ठरवलं होतं, ते त्यांनी उभ्यानंच सांगून टाकलं.

"राघू, चूक पोरीची नाही. माझी आहे. मी शिकवलंच अर्धवट. वीस वर्षं चुकीचं शिकवत आलो. तिनं मी शिकवलं तसंच लिहिलं, म्हणून मार्क गेले."

राघूनं गजराबाईकडे बघितलं. गजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सरांसाठी.

"मास्तर," राघू हळू आवाजात म्हणाला, "तुमी देव मानूस हायसा. पोरीचं पाप आपल्या डोईवर घ्यायला निघाला. आमास्नी का कळत न्हाई? पोरीच्या डोस्क्यातच न्हाई त्ये, तुमी काय करनार?"

"अरे, तसं नाही. माझं ऐक..."

"ऱ्हाऊ द्या मास्तर," गजराबाई म्हणाली. "तुमी लई केलं तिच्यासाठी. दुसरं कुनी उन्हाचं वस्तीवर आलं असतं का?"

सर बोलत गेले, तसतसे ते दोघांना अधिकच मोठे वाटत गेले. कबुली देणाऱ्या माणसाला समोरच्यानं शिव्या द्याव्यात, निदान गप्प बसावं. इथं गजराबाई चहाला आधण ठेवायला उठली.

रोहिणी भिंतीला टेकून उभी होती. सर तिच्याकडे वळले. "ये इकडे." राघूची काठी घेऊन त्यांनी अंगणातल्या धुळीत त्रिकोण ओढला, पेपरात होता तसा, आडवा. "सांग. सारखे कोन कुठले?"

"हे खालचे दोन," ती लगेच म्हणाली. "ते मी बरोबर लिवलंय, सर. माजं बाकीचं चुकलं आसंल."

"तेच चुकलंय, रोहिणी."

ती वाकली. डोकं एका खांद्याकडे कलतं करून तिनं बघितलं. मग ती उठली आणि धुळीतल्या त्रिकोणाभोवती चालायला लागली, कोकराभोवती फिरावं तशी, हळूहळू. निमुळतं टोक तिच्यापासून लांब, वरच्या बाजूला आलं, तिथं ती थांबली. 

"सर," ती म्हणाली, "हितनं बघितलं तर हे दोन खालचे हायेत. ते न्हाईत."

"हो."

"म्हंजे सत्तर-सत्तर."

"हो."

"निस्ता कागद फिरवायचा व्हता?"

"एवढंच."

रोहिणी हसली. हे तिला कळलं, याचाच आधी तिला आनंद झाला होता. मग हसू ओसरलं. ती परत भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

सरांनी ऑक्टोबरच्या परीक्षेचा विषय काढला. एकच विषय, चार महिने हातात, मी रोज शिकवीन. राघू मान खाली घालून ऐकत होता. "मास्तर, मी तवाच बोललो व्हतो. पावन्यांस्नी कालच सांगावा गेला. आखाडाच्या आत लगीन हाय." सरांचा उतरलेला चेहरा बघून त्यानं घाईनं भर घातली, "त्यांची माणसं चांगली हायेत. लगीन झाल्यावं बसू द्या म्हनलं, तर बसवत्यालबी."

ते पाव्हणेही मेंढकेच, आणि खरंच चांगले होते. लग्नात सरांनी नवरदेवाच्या बापाशी बोलणं काढलं, तर तो म्हणाला, "बसू द्या की. आमचं काय जातंय?" सरांनी फॉर्म स्वतः भरला, रोहिणीची सही घेतली. ऑक्टोबरात हॉलतिकीट आलं. पण त्या वर्षी त्या भागातलं गवत लवकर संपलं, आणि मेंढरांना तारखा ठाऊक नसतात. पेपराच्या सकाळी सर हॉलतिकीट घेऊन फाटकापाशी उभे होते. अर्धा तास उलटला की कुणाला आत घेत नाहीत. तो उलटून गेल्यावर शिपाई बाहेर आला. "सर, आता न्हाई घेता येणार." सर म्हणाले, "माहीत आहे मला." तरी ते पेपर संपेपर्यंत तिथंच थांबले. तिचं बिऱ्हाड चार दिवसांपूर्वीच घाट उतरून गेल्याचं त्यांना मागाहून कळलं.

त्या वर्षापासून सरांनी पाय फाकवून उभं राहणं सोडलं. फळ्यावर पहिला त्रिकोण ते आडवा काढत, दुसरा उलटा, तिसरा कोपऱ्यात तिरका. "सारख्या बाजू शोधा. त्यांच्या समोरचे कोन सारखे," असं बजावत. हुशार पोरांना ते कळे. बाकीची बावरून जात. समोरचा म्हणजे कुणाच्या समोरचा? कुठल्या बाजूला उभं राहून? गजर बंद झाला, खिडकीतली गर्दीही गेली. गणिताचा निकाल साठावरून पंचेचाळीसवर आला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं.

"हिंगे सर, तुमचं ते जुनंच चांगलं होतं. दहा वर्षांत एकदा येणार आडवा त्रिकोण. त्याच्यासाठी उरलेल्या नऊ वर्षांतली पोरं का मारता?"

"दहाव्या वर्षीचं पोर कुणाचं असेल, सांगता येत नाही," सर म्हणाले.

"म्हणजे?"

सर खडू उचलून पुढच्या तासाला गेले. एका वर्षी पोरांच्या आग्रहाला बळी पडून ते एकदा ओट्यावर उभे राहिले. पाय फाकवले, वर्गानं टाळ्या पिटल्या, आणि सरांच्या तोंडून पुढचा शब्दच फुटेना. ते तसेच खाली उतरले. पोरांना वाटलं, सरांचे पाय दुखत असतील. निवृत्तीपर्यंतची वर्षं ते असेच, अर्ध्या वर्गाला कळेल आणि अर्ध्याला कळणार नाही असं, बरोबर शिकवत राहिले.

निवृत्त होऊन ते प्रयागबाईंसह अवसरीला आले. दोन हजार पाच साली, कांदा निघाल्यावर, भावानं रानात मेंढरं बसवली. खतासाठी हे नेहमीचंच. कळप दोन-चार रात्री शेतात बसवायचा, मेंढक्याला धान्य द्यायचं. सर सकाळी फेरी मारायला गेले. वाघर लावली होती. मेंढरं बाहेर पळू नयेत म्हणून खुंट्यांवर ताणलेली ती जाळी, तिच्या आत शंभरेक मेंढरं अंगाला अंग लावून उभी होती. चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं आणि हातातली भाकरी तशीच परातीत टाकली.

"सर!"

रोहिणी होती. उन्हानं रापलेली, हाडं वर आलेली, हसू तेच. सरांनी काय बोलायचं ते नऊ वर्षं घोकून ठेवलं होतं. ते पुढे झाले.

"रोहिणी, त्या वेळी..."

"बसा, सर. च्या टाकते." तिनं पीठ लागलेल्या हातांनी पोतं झटकून अंथरलं. "घरचं दूध हाय."

"ऐक आधी. त्या पेपरात तुझी चूक नव्हती. मी..."

"जाऊ द्या हो, सर. गणित नव्हतं माझ्या नशिबात, दुसरं काय? नर्सबाई झाले असते, तर ही एवढी मेंढरं कुणी बघितली असती?" ती मोकळेपणानं हसली. तिला खरंच सल नव्हता. की होता आणि झाकला होता? सरांना तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं कळपाकडे तोंड करून हाक मारली, "हर्षाली! ये सार्थक! इकडं या, लवकर!"

सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ धावत आले. मुलीच्या काखेत कोकरू होतं.

"हे माझे सर," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज अभिमानानं वर चढला होता. "यांच्यावानी गणित उभ्या तालुक्यात कुणी शिकवलं न्हाई. उन्हातानाचं वस्तीवर आले माझ्यासाठी. पाया पडा."

"नको, नको," सर म्हणाले. त्यांना मागे सरायचं होतं. पण पाठीला वाघर लागली, आणि पलीकडून मेंढरं रेलली होती. मुलीनं कोकरू खाली ठेवलं, आणि दोन्ही पोरं वाकली.